स्तनाचा कॅन्सर : नुसती गाठ काढावी की पूर्ण स्तन? देवगडच्या ताईंना उत्तर

ताई, तुम्ही लिहिलंय की वय 47, डाव्या बाजूला अडीच सेंटिमीटरची गाठ, बायोप्सीत कॅन्सर निघाला. डॉक्टर म्हणाले, गाठ काढून रेडिएशन घ्या नाहीतर पूर्ण स्तन काढू, दोन्ही चालेल, तुम्ही ठरवा. घरचे म्हणतात पूर्णच काढा. आणि रेडिएशनला मुंबईत कुठे जाऊन राहणार, हा तुमचा घोर.

मी डॉक्टर नाही. वेंगुर्ल्याची आहे, याच वाटेने गेले आहे. माझी गाठ काढली, स्तन ठेवला, काखेतल्या गाठी (तिथल्या लसिकाग्रंथी) मात्र सगळ्या काढल्या. माझ्या मावसबहिणीचा पूर्ण स्तन काढला. दोघी ठणठणीत आहोत.

आधी घरच्यांचं. मलाही शेजारच्या काकी म्हणाल्या होत्या, "सगळा काढून टाक गो बाय, इडापिडा जांव दे." माया असते त्यात, पण हिशेब चुकीचा असतो. अमेरिकेत आणि इटलीतल्या मिलानला 1970 च्या दशकात शेकडो बायकांवर हेच दोन पर्याय शेजारी शेजारी ठेवून तपासले. 20 वर्षांनंतरचे निकाल 2002 मध्ये आले, आणि दोन्ही गटांत जगण्याचं प्रमाण सारखंच निघालं. पूर्ण काढल्याने आयुष्य वाढत नाही. फरक एवढाच की ठेवलेल्या स्तनात गाठ परत येण्याची शक्यता थोडी उरते, आणि ती रेडिएशनने खाली येते. अमेरिकेतल्या त्या पाहणीत रेडिएशन न घेतलेल्या शंभर बायकांपैकी 39 जणींच्या त्याच स्तनात गाठ परत आली, घेतलेल्यांपैकी 14 जणींच्या. आजची औषधं तेव्हा नव्हती, त्यामुळे आता आकडे यापेक्षा बरे आहेत. म्हणजे स्तन ठेवायचा तर रेडिएशन चुकवायचं नाही. "बघू पुढे, आंबे उतरले की जाऊ" असं होणार असेल घरात, तर पूर्ण काढलेला बरा. हे मी स्पष्टच सांगते.

पण पूर्ण काढला म्हणजे रेडिएशन टळलंच, असं धरून चालू नका. माझ्या बहिणीने मुख्यतः त्याचसाठी पूर्ण काढायला होकार दिला होता. काखेतल्या गाठींचा रिपोर्ट आला, त्यात कॅन्सर पोचलेला होता, आणि शेवटी रेडिएशन घ्यावंच लागलं. तेव्हा डॉक्टरांना आजच विचारा : पूर्ण काढूनही मला रेडिएशन लागण्याची शक्यता किती?

मुंबईत राहण्याचं तुम्हाला वाटतं तेवढं अवघड नाही. पूर्वी पाच आठवडे लागायचे, आता बऱ्याच जणींचं 15 वेळांत, तीन आठवड्यांत संपतं, काही ठिकाणी निवडक पेशंटना त्याहून कमी. कणकवलीहून तुतारीने निघालात की सकाळी दादर, तिथून परळचं टाटा कॅन्सर हॉस्पिटल जवळच. उपचारासाठी जाणाऱ्या कॅन्सरच्या पेशंटला स्लीपर आणि थ्री टायर एसीचं भाडं पूर्ण माफ असतं, सोबतच्यालाही सवलत मिळते. त्यासाठी हॉस्पिटलकडून रेल्वेचा फॉर्म भरून घ्या. नातेवाईकांकडे राहायचं नसेल तर दादरला गाडगे महाराजांची धर्मशाळा आहे, तिथे जागेसाठी आधीच चौकशी करा. महात्मा फुले जनआरोग्य योजनेचे कागदही ऑपरेशनच्या आधीच करून ठेवा, नंतर धावपळ होते.

आता ज्याबद्दल कुणी विचारत नाही, ते. सगळं घर स्तनावरून वाद घालतं आणि काख राहून जाते. रोजच्या जगण्यात माझ्या वाट्याला आली ती काखच. स्तनावरचा व्रण ब्लाऊजखाली जातो, मीही विसरते. पण काखेतल्या सगळ्या गाठी काढल्या की साधारण पाचात एकीचा हात पुढे सुजतो. पहिल्या एकदोन गाठीच काढून तपासल्या, तर हे प्रमाण विसात एकीवर येतं. याला सेंटिनल नोड म्हणतात. निळा रंग किंवा किरणोत्सारी द्रव टोचून तो पसरण्याची वाट पाहतात आणि तो पहिल्यांदा जिथे पोचतो ती गाठ काढतात. (नंतर लघवी हिरवट-निळी झाली तर घाबरू नका, मला कुणी सांगितलं नव्हतं.) तुमच्या काखेत हाताला किंवा सोनोग्राफीत काही लागत नसेल, तर डॉक्टरांना सेंटिनलबद्दल नाव घेऊन विचारा. ते तिथे होत नसेल तर होतं तिथे जाण्यासाठी मुंबईचा प्रवास करावा, एवढं मला त्याचं महत्त्व वाटतं.

माझी काख साफ करावी लागली, कारण गाठींत कॅन्सर होता. त्यामुळे सांगते. आडाळ्यावर (विळीवर) मासे करताना मी आता रबरी हातमोजे घालते. एकदा शिंगाळ्याचा काटा बोटात घुसला, संध्याकाळपर्यंत हात कोपरापर्यंत लाल आणि गरम, अंगात ताप. अँटिबायोटिकवर निभावलं, पण तो हात तेव्हापासून जास्त सुजतो. आंब्याचा चीक त्या हातावर उडू देत नाही. तुम्ही देवगडच्या, हापूस उतरवायच्या दिवसांत हे लक्षात ठेवाल. कळशी दुसऱ्या हाताने. दिवसभर कामाला घट्ट स्लीव्ह चढवते, मे महिन्यात वैताग येतो.

तसं म्हणाल तर पूर्ण काढणं काही जणींना खरोखरच योग्य असतं : स्तनात वेगवेगळ्या ठिकाणी गाठी असतील, छातीला आधी रेडिएशन झालेलं असेल, गाठ लहान स्तनाच्या मानाने फार मोठी असेल, किंवा आई-मावशी-बहिणींमध्ये हा आजार असेल आणि जनुकांच्या चाचणीत दोष निघाला असेल. मोठी गाठ आधी किमो देऊन लहान करता येते. हार्मोन आणि हर-टू (बायोप्सीच्या तुकड्यावरच करतात त्या चाचण्या) यांचा रिपोर्ट हातात येण्याआधी तारीख घेऊ नका, कारण त्यावरून किमो आधी की ऑपरेशन आधी हे ठरतं. दोन-तीन आठवडे विचाराला घेतले म्हणून काही बिघडत नाही. बायोप्सीची सुई घातली की कॅन्सर पसरतो, हेही खोटं. आणि गाठ काढण्याच्या ऑपरेशननंतर कडेला कॅन्सर उरलेला दिसला तर पुन्हा टेबलावर जावं लागतं, ही तयारी मनात ठेवा.

ऑपरेशननंतर जखमेतलं पाणी बाहेर काढणारी ड्रेनची नळी लागली तर पुढून बटणांचा गाऊन आणि गळ्यात अडकवायची कापडी पिशवी आधीच शिवून घ्या. रोज सकाळी किती मिली आलं ते कालनिर्णयवर लिहून ठेवा, साधारण 30 मिलीखाली आलं की काढतात. भिंतीवर बोटं चढवत हात वर नेण्याचा व्यायाम कधी सुरू करायचा, ते फिजिओथेरपिस्टला विचारा. आणि ऑपरेशनच्या आधी दोन्ही हातांची मापं टेपने घेऊन वहीत लिहा : मनगट, कोपराखाली, कोपरावर. पुढे सूज आली का, हे त्या आकड्यांशिवाय लवकर ओळखता येत नाही.