नऊ-एक, पण कुणाविरुद्ध?

जानेवारी उजाडला की कॉन्फरन्सचे, म्हणजे कॉलेजांच्या आपापल्या गटातले, सामने सुरू होतात आणि माझ्याकडे पत्रांचा ढीग लागतो. या वेळचे सगळे प्रश्न छोट्या कॉलेजांच्या पुरुष बास्केटबॉलचे, म्हणजे अमेरिकेतल्या कॉलेज खेळांची संघटना एनसीएए, तिच्या तिसऱ्या डिव्हिजनचे आहेत. निम्मी पत्रं पालकांची, आणि निम्मी अशा लोकांची ज्यांचा त्या कॉलेजाशी काडीचाही संबंध नाही. मी या दुसऱ्या जातीचा. हार्टफर्डला विमा कंपनीत एकतीस वर्षं जोखमीचे हिशेब मांडले. आता निवृत्तीनंतर तेच हिशेब जिमच्या लाकडी बाकावर बसून मांडतो. पगार नाही, पाठ दुखते, एवढाच फरक.

माझा मुलगा नेस्कॅक या न्यू इंग्लंडच्या कॉन्फरन्समधल्या एका कॉलेजात दुसऱ्या वर्षाला आहे. तो खेळत नाही, फक्त ओरडतो. संघ ९-१ आहे, म्हणजे नऊ विजय, एक हार. कॅम्पसवर सगळे आतापासूनच मार्चमधल्या राष्ट्रीय स्पर्धेच्या गप्पा मारताहेत. आम्हीही हुरळून जावं का?
— एक आई, मॅसॅच्युसेट्स

ताई, हुरळा, पण हॉटेलं बुक करू नका.

नोव्हेंबर-डिसेंबरचं वेळापत्रक कोच ठरवतो, जानेवारी-फेब्रुवारीचं कॉन्फरन्स ठरवते. निम्मं उत्तर यातच आलं. कुठल्या कोचला धाडस असतं, तो पहिल्याच महिन्यात बसने चार तास जाऊन तगड्या संघाशी भिडतो. कुठल्या कोचला शांत झोप हवी असते, तो शेजारपाजारचे दुबळे संघ घरी बोलावतो. दोघांच्या नावापुढचे आकडे मात्र वर्तमानपत्रात एकाच मापात छापले जातात.

मी यात एकदा सपाटून आपटलोय, म्हणून सांगतो. काही वर्षांपूर्वी एक संघ नाताळच्या सुट्टीपर्यंत एकही सामना हरला नव्हता. मी चार लोकांत बसून छातीठोकपणे सांगितलं, हाच कॉन्फरन्स जिंकणार. तो संघ कॉन्फरन्समध्ये तळाला गेला. नंतर मी वही काढून बसलो तेव्हा कळलं की बहुतेक सामने घरच्या जिममध्ये झाले होते, समोरचे बहुतेक संघ स्वतःच हरत आलेले होते, आणि या पोरांचे तीन गुणांचे फटके त्या सहा आठवड्यांत अंगात आल्यासारखे पडत होते. एकतीस वर्षं लोकांना सांगत आलो की थोड्या नमुन्यावरून मोठा निष्कर्ष काढू नका. स्वतः मात्र तेच केलं.

तेव्हापासून मी विजयांकडे शेवटी बघतो. आधी बघतो ती हार. तुमच्या संघाची ती एक हार कुठली? बाहेरच्या जिममध्ये, चांगल्या संघाकडून, शेवटच्या मिनिटापर्यंत झुंजून झाली असेल, तर मला ती नऊपैकी पाच विजयांपेक्षा जास्त आवडेल. दहापैकी बाहेर खेळलेला एकमेव सामना तोच असेल, तर मात्र आपल्या गल्लीत सगळेच वाघ असतात हे लक्षात घ्या.

मग बॉक्स स्कोअर, म्हणजे सामन्याच्या आकडेवारीचा तक्ता, उघडा. कॉलेजाच्या संकेतस्थळावर प्रत्येक सामन्याचा असतो, फुकट. तीन गुणांच्या फटक्यांची टक्केवारी पहिल्यांदा बघू नका, ती सगळ्यात जास्त चढउतार करणारी चीज आहे. परक्या जिममध्ये रिंगच्या मागची भिंत वेगळी, प्रकाश वेगळा, कानाशी ओरडणारी पोरं वेगळी. बचावातले रिबाउंड (चुकलेल्या फटक्यानंतर पकडलेला चेंडू) आणि टर्नओव्हर (फटका न मारताच गमावलेला चेंडू) बघा. चेंडू सांभाळण्याची आणि समोरच्याच्या चुकलेल्या फटक्यानंतर त्याला दुसरी संधी न देण्याची सवय बसमध्ये बसून संघाबरोबर येते. नेमबाजी कधीकधी घरीच राहते.

नेस्कॅकचं आणखी एक वैशिष्ट्य आहे. अकरा कॉलेजं, प्रत्येकाशी एकदाच गाठ, म्हणजे कॉन्फरन्सचे दहाच सामने. हरलात तर परतफेड करायला तो संघ तुमच्या घरी येत नाही. (अॅम्हर्स्ट, विल्यम्स आणि वेस्लियन या ‘लिटल थ्री’चा रिवाज वेगळा. ती आपसात दोनदा खेळत आली आहेत, पण त्यातला एक सामना कॉन्फरन्सच्या तक्त्यात धरत नाहीत. नव्या प्रेक्षकाला हे समजावताना माझा घसा सुकतो.) कुठला तगडा संघ यंदा तुमच्याकडे येतोय आणि कुठल्याकडे तुम्हाला जायचंय, हे आत्ताच बघून ठेवा. त्यावर दोन विजयांचा फरक सहज पडतो.

शिवाय बरेचदा एका आठवडाअखेरीला दोन सामने असतात. डिसेंबरमध्ये सहा खेळाडूंवर भागतं, कारण मध्ये चार दिवस विश्रांती मिळते. जानेवारीत दुसऱ्या सामन्याच्या दुसऱ्या हाफात सगळं उघडं पडतं: फ्री थ्रो रिंगच्या अलीकडेच आपटायला लागतात. पाय थकल्याची पहिली खूण ती. म्हणून मुलाला सांगा, ओरडता ओरडता बेंचवरच्या सातव्या-आठव्या पोराला किती मिनिटं मिळतात तेही मोजून ठेव.

परवा आमच्या संघाने एका संघाला चाळीसहून जास्त गुणांनी लोळवलं. तरी एनपीआयमध्ये, म्हणजे संघांना क्रम लावणाऱ्या एनसीएएच्या आकड्यात, काहीच हललं नाही. हा कसला न्याय?
— एक माजी विद्यार्थी, न्यू जर्सी

एनपीआयला तुम्ही किती गुणांनी जिंकलात याच्याशी देणंघेणं नाही. जिंकलात की हरलात, कुणाशी, आणि घरी की बाहेर, एवढंच तो विचारतो. त्यातही बाहेरचा विजय जास्त मोलाचा. दुबळ्या संघाला एका गुणाने हरवा नाहीतर चाळीसने, त्याच्या लेखी सारखंच.

२०२४-२५ च्या मोसमापासून तिसऱ्या डिव्हिजनने या आकड्यावर निवड सुरू केली. स्पर्धेत ६४ संघ, त्यातल्या बहुतेक जागा कॉन्फरन्स विजेत्यांना थेट मिळतात आणि उरलेल्यांसाठी एनपीआयचा क्रम लागतो. पूर्वी समितीतली माणसं खल करत बसायची, आपण त्यांना शिव्या घालायचो. आता शिव्या कुणाला घालाव्यात हा मोठाच प्रश्न आहे.

तुमच्या पत्रातला राग खरा आहे, कारण त्या चाळीस गुणांतही माहिती असतेच. निवडीत तिला स्थान नसलं तरी संघ जोखताना तुम्ही ती वापरा. फक्त गुण मोजू नका, पझेशन, म्हणजे चेंडू किती वेळा ताब्यात आला, ते मोजा. टाकलेले फटके, त्यातून स्वतःचे आक्रमणातले रिबाउंड वजा, त्यात टर्नओव्हर मिळवा आणि फ्री थ्रोंचे जवळपास निम्मे. झाला अंदाज. ८५ पझेशनमध्ये ८५ गुण करणारा संघ बघायला झकास वाटतो, पण ६२ पझेशनमध्ये ६८ करणारा कंटाळवाणा संघ त्याच्यापेक्षा चांगलं आक्रमण करतोय. शंभर पझेशनमागे एकाचे शंभर, दुसऱ्याचे एकशे दहा.

विस्कॉन्सिनमधला ५-५ असलेला संघ आला की आमच्याकडचे जाणकार का टरकतात?
— एक वाचक, इलिनॉय

कारण जाणकारांची स्मरणशक्ती शाबूत आहे. तिथल्या डब्ल्यूआयएसी या कॉन्फरन्समध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठाच्याच आठ शाखा आहेत: प्लॅटविल, व्हाइटवॉटर, ऑशकॉश, स्टीव्हन्स पॉइंट, ला क्रॉस, ओ क्लेर, रिव्हर फॉल्स, स्टाउट. आपण ‘छोटी कॉलेजं’ म्हणतो, पण ही हजारो विद्यार्थ्यांची सरकारी विद्यापीठं आहेत. एखाद्या नेस्कॅक कॉलेजाचे सगळे विद्यार्थी त्यांच्या एका कोपऱ्यात मावतील. कोच बो रायन यांनी प्लॅटविलला १९९१, १९९५, १९९८ आणि १९९९ अशी चार राष्ट्रीय विजेतेपदं मिळवून दिली. २०१४ ला व्हाइटवॉटर, २०१५ ला स्टीव्हन्स पॉइंट, २०१९ ला ऑशकॉश. आता या घरात जन्मलेला संघ ५-५ असेल, तर त्या पाच हारी कुणाकडून आल्या ते आधी बघावं लागतं.

आणि तिथे प्रत्येकाशी दोनदा गाठ, एकदा घरी, एकदा बाहेर, असे चौदा सामने. लपायला जागा नाही. तिथला मधल्या फळीतला संघ मार्चमध्ये दुसऱ्या एखाद्या कॉन्फरन्सच्या विजेत्याला घरी पाठवतो तेव्हा मला अजिबात आश्चर्य वाटत नाही.

आमच्या इथल्या ग्रिनेल कॉलेजाचा सामना पाहिला. दोन्ही संघ शंभरीच्या पुढे, दर मिनिटाला पाचही खेळाडू बदलले. हा बास्केटबॉल आहे का?
— एक वाचक, आयोवा

आहे, आणि त्यामागे गणित आहे. कोच डेव्हिड आर्सेनो यांनी १९९० च्या दशकात ही पद्धत बसवली. पूर्ण कोर्टभर दाब, चेंडू हातात आला की काही सेकंदांत फटका, त्यातले निम्मे तीन गुणांचे, आणि दमायच्या आत पाचच्या पाच बाहेर. हेतू असा की समोरच्यापेक्षा पंचवीस फटके जास्त मारायचे. त्यासाठी सोपे गुण द्यावे लागले तरी चालतील, कारण दोन देऊन तीन घ्यायचे आहेत. २० नोव्हेंबर २०१२ ला जॅक टेलरने याच पद्धतीत एकट्याने १३८ गुण केले. त्याने १०८ फटके मारले, त्यातले ५२ आत गेले. सामना १७९-१०४.

माझं मत विचाराल तर गंमत म्हणून वर्षातून एकदा बघावं. संघ जोखणाऱ्याला मात्र ग्रिनेलविरुद्धचा सामना म्हणजे डोकेदुखी. त्यांच्याशी खेळलेल्या संघाच्या मोसमाच्या सरासऱ्या एका रात्रीत फुगतात. म्हणून जानेवारीत कुणाचा गुणांचा आकडा अचानक देखणा दिसला तर आधी वेळापत्रकात ग्रिनेल शोधा आणि तो सामना खोडून पुन्हा भाग द्या. तुलनेसाठी: २०२५ च्या अंतिम सामन्यात ट्रिनिटीने न्यूयॉर्क युनिव्हर्सिटीला ६४-६० असं हरवलं. दोघांचे मिळून १२४. ग्रिनेलने एवढे एकट्यानेही केले आहेत. (ट्रिनिटी हार्टफर्डची, त्यामुळे या उदाहरणात माझा स्वार्थ आहे.)

खेळासाठी स्कॉलरशिप नाही, टीव्हीवर दिसणं नाही. मग दर्जा तो काय असणार?
— एक वाचक, टेक्सास

असले प्रश्न आले की बायको माझ्यासमोरून चहाचा कप उचलून घेते, सांडू नये म्हणून.

डेव्हियन जॉर्ज तिसऱ्या डिव्हिजनच्या ऑग्सबर्ग कॉलेजाचा. १९९९ मध्ये एनबीए या व्यावसायिक लीगमधल्या लेकर्सनी त्याला पहिल्याच फेरीत, तेविसाव्या क्रमांकावर घेतलं, आणि २००० ते २००२ ही तिन्ही विजेतेपदं त्याने त्यांच्याबरोबर मिळवली. डंकन रॉबिन्सन विल्यम्सकडून २०१४ चा अंतिम सामना खेळला, मग पहिल्या डिव्हिजनच्या मिशिगनला गेला, मग एनबीएत मायामी हीट. सेंट थॉमसने २०१६ मध्ये तिसऱ्या डिव्हिजनचं विजेतेपद घेतलं आणि २०२१ मध्ये थेट पहिल्या डिव्हिजनमध्ये उडी मारली. हे अपवाद आहेत, मान्य. बाकीच्या पोरांना पुढे डॉक्टर, शिक्षक, हिशेबनीसच व्हायचंय. यूएए या कॉन्फरन्सचं वेळापत्रक बघा: एमरी अटलांटात, ब्रँडाइस बॉस्टनजवळ, वॉशिंग्टन युनिव्हर्सिटी सेंट लुइसला. आठवडाअखेरीला विमानाने जायचं, दोन शहरांत दोन सामने, आणि सोमवारी सकाळी रसायनशास्त्राचा तास. कॉन्फरन्सचे एकूण चौदा सामने. शेवटी कॉन्फरन्सची वेगळी टूर्नामेंटही नाही. चौदा सामन्यांत जो पहिला, तोच विजेता. मला हीच पद्धत सगळ्यात प्रामाणिक वाटते, पण माझं कोण ऐकतो.

आमचा संघ यंदा एकही सामना जिंकलेला नाही. मुलगा बेंचवर असतो. शनिवारी पहिला कॉन्फरन्स सामना, आमच्याच जिममध्ये, समोरचा संघ ८-१. दोन तास गाडी चालवून जावं की घरीच स्ट्रीमिंगवर बघावं?
— एक वडील, पेनसिल्व्हेनिया

दादा, पॅसाडेनाच्या कॅल्टेकची गोष्ट तुम्हाला माहीत असेल. १९८५ पासून कॉन्फरन्समधले सलग ३१० सामने हरले. पोरं चार वर्षं खेळून पदवी घेऊन जायची, कॉन्फरन्समधला एकही विजय न बघता, आणि पुढची बॅच यायची. मग २२ फेब्रुवारी २०११, मोसमाचा शेवटचा सामना, घरच्या जिममध्ये ऑक्सिडेंटलविरुद्ध. ३.३ सेकंद उरले असताना एक फ्री थ्रो, आणि ४६-४५.

त्या रात्री जे लोक ‘आज काय होणार, नेहमीचंच’ म्हणून घरी राहिले, त्यांच्याबद्दल मला कायम कुतूहल वाटत आलंय.

तुम्ही जा. मुलगा बेंचवर असेल तर वॉर्म-अपच्या आधी पोहोचा, तो तेव्हाच मनसोक्त खेळताना दिसेल. आणि त्या ८-१ वाल्यांनी आठपैकी किती सामने घरी जिंकलेत, ते बघून मला कळवा.