औषधी वनस्पतींचा गुण आणि तोडणीचा ऋतू : कोरफड, हळद, तुळस व ब्राह्मी उत्पादकांच्या प्रश्नांना उत्तर

शेतकरी बंधू-भगिनींनो, नमस्कार.

त्वचेसाठीच्या उत्पादनांना लागणाऱ्या औषधी वनस्पतींबाबत तीन प्रश्न आमच्याकडे आले आहेत. अथणी तालुक्यातील एका शेतकऱ्याने कळवले आहे की त्यांची मे महिन्यातील कोरफड ‘गर पिवळसर आणि कडू आहे’ म्हणून खरेदीदाराने परत केली, आणि त्याच मळ्यातील पाने पाऊस झाल्यावर नेली तेव्हा ‘गर पाण्यासारखा पातळ आहे’ असे सांगून पुन्हा नाकारली. रायबाग तालुक्यातून विचारणा आहे की उसाची लावण साधावी म्हणून डिसेंबरात काढलेली हळद रंगाला आणि वजनाला कमी का भरली. खानापूर तालुक्यातील एका महिला बचत गटाची अडचण अशी की जुलैत कापून वाळवलेल्या तुळशीला वास राहिला नाही. बांधावरची ब्राह्मी कशी आणि केव्हा काढावी, हेही त्यांनी विचारले आहे.

या तिन्ही ठिकाणी रोपे चांगली होती आणि मशागतही नीट झाली होती. चूक झाली ती काढणीच्या वेळेत आणि त्यानंतरच्या वाळवणीत. वनस्पतीतील ज्या द्रव्यांसाठी खरेदीदार पैसे मोजतो, ती द्रव्ये वनस्पती आपल्यासाठी तयार करत नाही; कडक ऊन, पाण्याचा ताण, कीड आणि चरणारी जनावरे यांपासून स्वतःचा बचाव करण्यासाठी किंवा पुढच्या हंगामासाठी साठा म्हणून ती तयार करते. त्यामुळे ऋतू बदलला की त्यांचे प्रमाण बदलते. पाऊस आणि युरिया भरपूर मिळाला की पाला जोमाने वाढतो, पण त्याच वेगाने हे घटक तयार होत नाहीत आणि किलोमागे त्यांचे प्रमाण उतरते. उलट ताण पडला की प्रमाण चढते, मात्र एकूण उत्पन्न घटते, आणि कोरफडीसारख्या पिकात नको असलेले द्रव्यही त्याबरोबर वाढते.

आपल्या बेळगाव जिल्ह्यात यात आणखी एक गुंता आहे. खानापूरचा डोंगरी पट्टा, बेळगाव-चिकोडीकडचा मधला पट्टा आणि अथणी-रायबाग-गोकाकचा कोरडा पट्टा, असे तीन वेगवेगळे हवामान एकाच जिल्ह्यात आहे. खानापूरच्या कणकुंबीकडे जुलैत पावसाची झड लागलेली असते तेव्हा अथणीला आभाळ नुसते भरून येते आणि तिथला खरा पाऊस बहुधा सप्टेंबरात पडतो. म्हणून दुसऱ्या भागातले छापील वेळापत्रक आपल्या शेताला लावू नये, आणि अथणीच्या शेतकऱ्याने खानापूरच्या शेतकऱ्याची तारीख तर मुळीच धरू नये.

आता कोरफडीविषयी सविस्तर सांगतो, कारण नुकसान त्यातच सर्वांत जास्त झाले आहे. कोरफडीच्या पानात दोन वेगळे पदार्थ असतात, हे आधी ध्यानात घ्यावे. हिरव्या सालीच्या लगेच आत पिवळा, कडू चीक असतो. त्यातील मुख्य द्रव्य अ‍ॅलोइन. त्याच्या आत पारदर्शक गर असतो, ज्यात सुमारे ९८ ते ९९ टक्के पाणी आणि उरलेल्या अल्प भागात अ‍ॅसिमॅनन नावाची बहुशर्करा (साखरेच्या कणांची लांब साखळी) असते. त्वचेच्या उत्पादनांना हा गर हवा असतो. चीक त्वचेला जळजळ करू शकतो, म्हणून खरेदीदार त्याची कसून तपासणी करतात. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीच्या घरात गेला आणि पाणी तुटले की पान चपटे होते, गर आटतो आणि त्या मानाने चिकाचा वाटा वाढतो. तेच पान पावसानंतर पाणी ओढून फुगते, तेव्हा वजन वाढते पण गरातील घन भाग विरळ होतो. म्हणजे दोन्ही वेळचा खरेदीदाराचा आक्षेप रास्त होता.

अथणी भागात परतीचा पाऊस संपून जमीन वाफशावर आली की ऑक्टोबरअखेरपासून फेब्रुवारीपर्यंत मुख्य तोडणी बसवावी. उन्हाळ्यात तोडणी टाळता येत नसेल तर हलके पाणी द्यावे आणि पाने पुन्हा भरून येईपर्यंत आठ-दहा दिवस थांबावे. पाणी दिल्याच्या दुसऱ्याच दिवशी विळा लावू नये. पावसाळ्यात सलग चार-पाच दिवस उघडीप मिळाल्याशिवाय पाने काढू नयेत. बाहेरची पक्की पाने बुडाशी स्वच्छ कापावीत आणि कापलेली बाजू खाली करून काही वेळ उभी ठेवावीत, म्हणजे पिवळा चीक निथळून जातो. चीक गरात मिसळला की हवेने त्याचा रंग तांबूस होतो आणि ‘गर जुना आहे’ असा शेरा मिळतो. पाने त्याच दिवशी सावलीतून प्रक्रियेला पोहोचली पाहिजेत, कारण तोडणीनंतर गरातील बहुशर्करा तुटू लागते. आणखी एक बाब बहुतेकांना माहीत नसते : कोरफड रात्री हवेतील कार्बन डायऑक्साइड आत घेऊन तो आम्लाच्या रूपात साठवते आणि दिवसा ते आम्ल वापरते, त्यामुळे पहाटेचा गर आंबट आणि दुपारनंतरचा कमी आंबट असतो. दर खेपेला एकाच वेळी, शक्यतो सकाळी, तोडणी केल्यास खरेदीदाराला एकसारखा माल मिळतो. व्यापाऱ्याच्या कन्नड पावतीवर हेच पीक ‘लोळेसर’ म्हणून लिहिलेले असते. नाव वेगळे पाहून गोंधळू नये.

हळदीच्या बाबतीत डिसेंबरची काढणी घाईची ठरली. मे महिन्यातील लागवडीला तेव्हा जेमतेम सात महिने झाले होते, आणि पाला पूर्ण वाळून लोळल्याशिवाय कंद भरत नाही. त्यासाठी आठ-नऊ महिने द्यावे लागतात. कोवळ्या कंदात पाणी जास्त असल्याने वाळल्यावर तो सुरकुततो आणि वजन घटते. रंगाचे कारण मात्र थोडे वेगळे आहे. हळदीला पिवळा रंग देणाऱ्या कुरकुमिन या द्रव्याचे मूळ प्रमाण बरेचसे वाणावर ठरते, पण कोवळी आणि पक्की हळकुंडे, तसेच जेठे गड्डे (मधले जाड मातृकंद), एकाच कढईत शिजवले की काही कच्चे राहतात, काही जादा शिजतात आणि सगळ्या मालाचा रंग मळकट होतो. गड्डे आणि हळकुंडे वेगळी शिजवावीत, फेस येऊन हळदीचा ठरावीक वास सुटला की थांबावे, आणि सांजेला माल झाकून दव लागू देऊ नये. कुरकुमिन प्रकाशाने नाश पावते, म्हणून सौंदर्यप्रसाधनांसाठी जे शेतकरी काप किंवा भुकटी देतात त्यांनी ती उघड्या उन्हात मुळीच ठेवू नये. काढणीपूर्वी सुमारे महिनाभर पाणी तोडावे. उसाच्या लावणीची निकड मला समजते, परंतु दोन्ही पिकांचा मेळ बसवायचा असेल तर हळदीचे क्षेत्र वेगळे ठेवलेले बरे.

खानापूरच्या भगिनींना सांगायचे ते असे. तुळशीचा वास पानावरच्या अतिसूक्ष्म ग्रंथींतील तेलात असतो. ढगाळ, भिजक्या दिवसांत पाला भरघोस येतो, पण तेलाचे प्रमाण कमी राहते; शिवाय ओला पाला ढिगात राहिला की तो तापतो, काळवंडतो आणि उरलेले तेलही उडून जाते. तुमच्याकडे जुलैमध्ये तेच घडले. लागवड पावसाळ्यात करावी, पण मुख्य कापणी हस्ताचा पाऊस ओसरल्यावर, झाड पूर्ण फुलोऱ्यात असताना, स्वच्छ उन्हाच्या दिवशी आणि दव उडाल्यावर घ्यावी. आदल्या दिवशी पाऊस झाला असेल तर कापणी पुढे ढकलावी. जमिनीपासून सुमारे १५ सेंटीमीटर ठेवून कापल्यास झाड पुन्हा फुटते. वाळवण सावलीत, वाऱ्यावर, माचावर पातळ थरात करावी. भाताच्या कोठीत धुराजवळ टांगलेल्या तुळशीला धुराचा वास लागतो, ही चूक मी अनेक घरांत पाहिली आहे.

ब्राह्मी म्हणून तुम्ही जी काढता ती गोल पानांची मंडूकपर्णी आहे, जिला कन्नडमध्ये ‘ओंदेलग’ म्हणतात. बाजारात जलब्राह्मीलाही ब्राह्मीच म्हणतात आणि तिची द्रव्ये निराळी आहेत, म्हणून सौदा ठरवताना पान दाखवूनच बोलावे. मंडूकपर्णीतील एशियाटिकोसाइड आणि मॅडेकॅसोसाइड ही त्वचेला उपयोगी द्रव्ये मुख्यतः पानात असतात, देठात कमी. त्यामुळे वजन वाढवण्यासाठी लांब देठ आणि मुळे घालण्यात फायदा नाही. मुसळधार पावसातली चिखलाने माखलेली पाने घेऊ नयेत. पाऊस उघडल्यावरची पूर्ण वाढलेली पाने स्वच्छ धुऊन सावलीत वाळवावीत. तणनाशक फवारलेल्या भाताच्या बांधावरची आणि सांडपाण्याच्या कडेची ब्राह्मी त्वचेच्या उत्पादनासाठी अजिबात वापरू नये, मग ऋतू कोणताही असो. जंगलातील मंजिष्ठेची मुळे खणण्याविषयीही विचारणा झाली होती. भीमगड अभयारण्याच्या हद्दीतून काहीही काढणे कायद्याने मना आहे.

कडुनिंबाबद्दल थोडक्यात : निंबोळ्या पिकण्याचा काळ आणि पावसाची सुरुवात आपल्याकडे एकत्र येते, त्यामुळे पिवळसर झालेल्या निंबोळ्या रोज वेचून, गर काढून, सावलीत वाळवून बारदानात ठेवाव्यात. प्लास्टिकच्या पोत्यात बुरशी धरते, आणि काळी बुरशी दिसलेली बी तेलासाठी टाकूनच द्यावी.

काही वाचकांनी जुन्या वैद्यकातील ऋतुविचार विचारला आहे. चरकसंहितेच्या कल्पस्थानात कोवळी पाने वर्षा व वसंतात, मुळे ग्रीष्मात किंवा शिशिरात, साल, कंद व चीक शरदात घ्यावा असे सांगितले आहे. पाला झडल्यावर मुळे घेण्याचे तत्त्व आजच्या समजुतीशी जुळते. कंदासाठी सांगितलेला शरद मात्र आपल्या हळदीला लागू करू नये, कारण त्या वेळी ती शेतात अजून भरत असते.

शेवटची विनंती नोंदीची आहे. प्रत्येक पोत्यावर तोडणीची तारीख, वेळ, शेवटचा पाऊस किंवा पाणी, शेवटची युरियाची मात्रा आणि वाळवणीचे दिवस लिहून चिठ्ठी बांधावी, आणि त्याच मालातील मूठभर नमुना हवाबंद डब्यात, अंधारात, आपल्याकडे ठेवावा. माल परत आला तर हा नमुना आणि चिठ्ठी घेऊन आपल्या होबळीच्या (तालुक्यातील गावांच्या महसुली गटाच्या) रयत संपर्क केंद्रात यावे. अर्ज कन्नडमध्ये असला तरी तो भरून देण्यास तेथील कर्मचारी मदत करतील. लागवडीच्या वाणाविषयी अरभावीच्या उद्यानविद्या महाविद्यालयातही विचारणा करता येते. अथणीच्या शेतकरी बंधूंनी या ऑक्टोबरअखेरच्या तोडणीतील दोन पाने आणि तारखेची चिठ्ठी आमच्याकडे पाठवावी, म्हणजे मे महिन्यातील पानांशी ताडून पुढचे पाण्याचे वेळापत्रक त्यांना लिहून देता येईल.