अप्पांची दिनचर्या आणि मुलीची काळजी

"वडील एकटे राहतात, कुणाकडे जात नाहीत, रोज तेच ते करतात आणि विचारले तर 'मजेत आहे' एवढेच सांगतात. हे नैराश्य तर नाही ना?" हा प्रश्न माझ्याकडे वारंवार येतो. विचारणारी व्यक्ती बहुधा पुण्या-मुंबईला नोकरी करणारी मुलगी, मुलगा किंवा सून असते आणि त्या प्रश्नाच्या पोटात दुसरा एक न विचारलेला प्रश्न दडलेला असतो, तो म्हणजे आपण वडिलांना वाऱ्यावर तर सोडले नाही ना. अशाच एका कुटुंबाची हकीकत त्यांच्या संमतीने आणि ओळख पटेल असे तपशील बदलून येथे सांगत आहे.

गृहस्थ मिरजेचे, वय एकाहत्तर. घरी आणि गल्लीत सगळे त्यांना अप्पा म्हणतात. त्यांची सगळी नोकरी रेल्वे मेल सर्व्हिसमध्ये, म्हणजे आर. एम. एस.मध्ये, सॉर्टर म्हणून झाली आणि त्यातील बरीच वर्षे धावत्या गाडीच्या डाकडब्यात रात्रभर उभे राहून पत्रे खणांत लावण्यात गेली. पत्नी चार वर्षांपूर्वी वारल्या. एकुलती एक मुलगी हडपसरला असते. तिच्या मोबाइलवर कुणीतरी एक संदेश पाठवला होता, की एकटेपणा हा रोज पंधरा सिगारेटी ओढण्याइतका घातक असतो. तो वाचल्यापासून तिची झोप उडाली होती.

ही तुलना अगदीच हवेतली नाही. अमेरिकी सरकारचे आरोग्यविषयक प्रमुख प्रवक्ते असलेल्या सर्जन जनरलांनी २०२३ मध्ये एकाकीपणाविषयी जे सूचनापत्र काढले, त्यात ती आहे. मात्र तेथे बोलणे चालले आहे ते माणसांशी असलेले धागे तुटण्याविषयी. घरात किती माणसे झोपतात हा त्या तुलनेचा विषय नाही. मानसशास्त्रात एकाकीपणाची जी व्याख्या १९८० च्या दशकापासून रूढ आहे, तीही हेच सांगते: आपल्याला जितका आणि जसा सहवास हवा आहे आणि जितका प्रत्यक्षात मिळतो आहे, यांतील तफावत जेव्हा टोचू लागते, तेव्हा माणूस एकाकी असतो. ज्याला हवाच थोडा, त्याला थोडा पुरतो. भरल्या घरात ही तफावत असू शकते आणि एका खोलीत राहणाऱ्याला ती मुळीच जाणवत नाही, असेही होते.

अप्पा माझ्याकडे आले ते काहीसे नाराजीनेच. "मला काही झालेलं नाही, पण पोरीच्या जिवाला घोर नको म्हणून आलो," असे त्यांनी बसताबसताच सांगून टाकले. ज्येष्ठांमधील नैराश्याचा अंदाज घेण्यासाठी पंधरा प्रश्नांची एक प्रश्नावली वापरतात. प्रत्येक प्रश्नाला हो किंवा नाही एवढेच उत्तर द्यायचे असते आणि पाच किंवा अधिक गुण आले, तर पुढे सविस्तर तपासणी करायची असते. अप्पांना तीन गुण मिळाले. यातील एक गुण मात्र मला नेहमीच खटकतो. बाहेर जाऊन नवीन काही करण्यापेक्षा घरी राहणे तुम्हाला अधिक आवडते का, असा एक प्रश्न तेथे आहे आणि 'हो' म्हटले की एक गुण वाढतो. अप्पांसारख्या घरात रमणाऱ्या माणसाला तो गुण स्वभावापायीच पडणार. म्हणून नुसत्या बेरजेवर थांबू नये, कोणत्या प्रश्नांनी ती बेरीज झाली तेही पाहावे. आयुष्य रिकामे वाटते का, या प्रश्नाला अप्पांनी ठामपणे 'नाही' म्हटले होते. पूर्वीचे छंद आणि उद्योग सोडून दिले आहेत का, या प्रश्नापाशी मात्र ते थोडे थबकले आणि मग 'हो' म्हणाले. ते थबकणे मी लक्षात ठेवले.

पुढच्या भेटीपर्यंत, म्हणजे दोन आठवडे, त्यांनी दिवसाची नोंद ठेवावी असे ठरले. तासातासाला काय केले ते लिहायचे आणि त्यापुढे दोन आकडे मांडायचे: त्यात किती गोडी वाटली आणि आपल्या हातून काही नीट पार पडल्याचे समाधान किती मिळाले. नैराश्याच्या उपचारात ही पद्धत फार जुनी आहे. आम्हाला तिचा उपयोग येथे उलट बाजूने झाला, कारण नैराश्य असलेल्या माणसाच्या वहीत दोन्ही आकडे दिवसभर तळाशी रेंगाळताना दिसतात आणि अप्पांची वही तशी नव्हती.

पहाटे साडेचारला जाग, कारण पाळीची सवय हाडात मुरलेली. चहा, झाडांना पाणी, सायकलवरून डेअरीत जाऊन दूध, वर्तमानपत्र आणि शब्दकोडे. मग स्वयंपाक. भाकरीपुढे त्यांनी दोन्ही रकान्यांत दहापैकी नऊ लिहिले होते, म्हणून मी खोदून विचारले. भाकरी ते पत्नीच्या माघारी शिकले. ज्वारी एकदम दळून आणली की पीठ जुने होते, त्याची विरी, म्हणजे चिकटपणा, जाते आणि भाकरी थापताना कडेने चिरा पडतात. म्हणून ते दोनच किलो दळून आणतात आणि तरीही विरी गेलीच, तर उकळते पाणी घालून पीठ मळतात. हे सांगताना त्यांचे हात टेबलावर आपोआप गोल फिरू लागले. पहिले सहा महिने एकही भाकरी धड फुगली नव्हती, हेही त्यांनी अभिमानानेच सांगितले. दुपारी ते जुन्या सहकाऱ्यांना पोस्टकार्डे लिहीत, पिनकोडासकट, सुवाच्य अक्षरात. पिनकोडची पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली आणि ती आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे संस्कृतचे पंडित होते, ही माहिती मला त्या दिवशी अप्पांकडून मिळाली.

ज्याला आपण 'तेच ते' म्हणतो त्यात काय असते, हे अशा वहीतून कळते. दिवस आपण होऊन आखलेला असला, त्यात शरीराला थोडे श्रम असले, सुधारत जाण्यासारखे एखादे काम असले आणि ते काम वेळेवर झाले नाही तर आपल्याला स्वतःलाच चुकल्यासारखे वाटत असले, तर तो दिवस माणसाला धरून ठेवतो. याच अप्पांनी पत्नी गेल्यावर महिनाभर मुलीकडे काढला होता. मुलगी-जावई दोघेही सकाळी आठला बाहेर पडत, नातू शाळेतून क्लासला जात असे आणि इंडक्शनची शेगडी चालवायची भीती वाटत असल्याने अप्पा थर्मासमध्ये भरून ठेवलेला चहा पीत बसत. "तिथं सगळे माझी काळजी करत होते, आणि मला काही कामच नव्हतं," असे ते म्हणाले. माझ्या मते त्या चार वर्षांत अप्पा खऱ्या अर्थाने एकाकी होते ते त्या एका महिन्यातच.

वहीत एक जागा मात्र अडली. दोन्ही आठवड्यांच्या गुरुवारी, संध्याकाळी सहा ते आठ या वेळेपुढे 'काही नाही' असे लिहिले होते आणि आकडे शून्य होते. इतर दिवशी त्याच वेळेला ते फिरायला जात. गुरुवारी काय असे, हे विचारल्यावर कळले की त्या दिवशी दत्तमंदिरात भजनी मंडळ जमते, तेथे ते अनेक वर्षे टाळ धरत आणि वर्षभरापूर्वी त्यांनी जाणे सोडले. मुलीच्या मते ते आईच्या आठवणीने खचले होते. अप्पांनी सांगितलेले कारण वेगळेच होते. भजन संपले की सगळे चहाला बसतात, गप्पा रंगतात, आणि त्यांना आवाज ऐकू येई पण शब्द उमगत नसत. चारजण हसले की तेही हसत. एकदा कुणाच्या तरी आजारपणाविषयी बोलणे चालू असताना ते चुकून हसले आणि त्या दिवसापासून घरी बसले.

वयानुसार येणाऱ्या बहिरेपणाची ही अगदी ठरावीक तक्रार आहे. त्यात उंच पट्टीचे आवाज आधी जातात, त्यामुळे व्यंजने पुसट होतात आणि चारजण एकाच वेळी बोलू लागले की वाक्य हाती लागत नाही. स्मृतिभ्रंश टाळण्याविषयी लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाने नेमलेल्या आयोगाच्या २०२४ च्या अहवालात, ज्यांवर उपाय करता येतो असे चौदा धोके दिले आहेत आणि त्यांत श्रवणदोष आणि लोकांपासून तुटणे हे दोन्ही आहेत. अप्पांच्या बाबतीत पहिल्यामुळेच दुसरे येऊ घातले होते. बाकीचा एकांत त्यांनी निवडलेला होता, गुरुवारचा तेवढा त्यांच्यावर लादला गेला होता, आणि ते स्वतःही दोन्हींना 'मला आवडतं घरी' या एकाच वाक्यात गुंडाळून मोकळे होत होते.

म्हणून घरच्यांनी पाहायचे ते हे, की माणूस कशाकडे वळला आहे आणि कशापासून पळतो आहे. आवडीच्या गोष्टी सुटत चालल्या, जेवण आणि आंघोळ टळू लागली, झोप बिघडली, उदासपणा किंवा सगळ्यातला रस जाणे दोन आठवड्यांहून अधिक टिकले, जगण्यात राम नाही अशी भाषा येऊ लागली, तर 'त्यांचा स्वभावच तसा' म्हणून सोडून देऊ नये. वृद्धांमध्ये नैराश्य पुष्कळदा अंगदुखी, अपचन किंवा विसराळूपणाच्या तक्रारीतून बोलते, हेही ध्यानात ठेवावे. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतून मोफत बोलता येते. आणखी एक प्रश्न मी एकट्या राहणाऱ्या प्रत्येकाला विचारते: एक दिवस तुम्ही दिसला नाहीत, तर संध्याकाळपर्यंत कुणाच्या लक्षात येईल? अप्पांकडे उत्तर तयार होते. डेअरीवाला आणि समोरच्या वहिनी.

कानाची तपासणी झाली, यंत्र बसवले. पहिल्या काही आठवड्यांत भांड्यांचा आवाज डोक्यात जातो म्हणून त्यांनी ते दोनदा डब्यात ठेवून दिले. आता ते भजनाला जातात, पण दर गुरुवारी नाही, आणि चहाला थांबतात ते त्याहून कमी. मला ते पुरेसे वाटते. मुलीला वाटत नाही, आणि त्याविषयी तिच्याशी स्वतंत्रपणे बोलावे लागले, कारण नातेवाईक तिला 'बापाला एकटं टाकलं' असे ऐकवत असत आणि त्या बोलण्याला उत्तर म्हणून तिला वडील हडपसरला हवे होते. त्यांचे सुख आणि तिची टोचणी हे दोन वेगळे प्रश्न आहेत, हे मान्य करायला तिला वेळ लागला. पूर्वी रोजच्या फोनवर ती "जेवलात का, गोळी घेतलीत का" एवढेच विचारी. आता त्याऐवजी ती त्यांना कोड्यातले अडलेले शब्द विचारते आणि फोन लांबतो.

मात्र "आज ठीक आहे, पण पाच वर्षांनी काय?" हा तिचा प्रश्न रास्त होता. शेवटच्या बैठकीत आम्ही तो दोघांसमोर ठेवला आणि मिरज कधी सोडायची याच्या अटी अप्पांनी स्वतःच्या हाताने वहीत उतरवल्या: गॅस चालू राहण्याचा प्रकार दोनदा घडला तर, घरात पडणे झाले तर, स्वतःचा स्वयंपाक स्वतःला होईनासा झाला तर. रात्री फोन उचलला नाही तर, अशी चौथी अट मुलीने सुचवली. ती अप्पांनी खोडली, कारण रात्री ते कानातले यंत्र काढून झोपतात आणि फोन ऐकू येण्याचा प्रश्नच नाही. त्यावर बराच वाद झाला, आणि अखेर घराची एक किल्ली समोरच्या वहिनींकडे ठेवायची, यावर दोघे राजी झाले.