दुसरा मजला, लिफ्ट नाही, आणि बाबागाडी

*ताई, आम्ही लंडनला हॅरोमध्ये राहतो. फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. फेब्रुवारीत बाळ येतंय. पुण्याहून आईबाबा जानेवारीअखेर येतील, जूनपर्यंत राहतील. दिवाळीला बाळाला घेऊन आम्ही पुण्याला जाऊ. नवरा म्हणतो, विमानात नेता येईल अशी एकच हलकी गाडी घेऊ. मैत्रिणी म्हणतात, सुरुवातीला मोठी प्रॅमच लागते. आई म्हणते, गाडी कशाला, आम्ही आहोत ना घ्यायला! डोकं भणाणलंय. काय घेऊ?*

अगं, तिघांचंही बरोबर आहे. फक्त तिघं वेगवेगळ्या महिन्यांबद्दल बोलताहेत. आई पहिल्या सव्वा महिन्याबद्दल, मैत्रिणी पहिल्या सहा महिन्यांबद्दल, आणि नवरा थेट दिवाळीबद्दल.

आईपासून सुरू करते. बाळंतिणीनं सव्वा महिना घराबाहेर पडायचं नाही, हे तिच्या डोक्यात पक्कं असणार. फेब्रुवारीतली लंडनची हवा बघता तुलाही ते फारसं जाचणार नाही. मिडवाइफ आणि हेल्थ व्हिजिटर (बाळाकडे बघणारी नर्स) पहिल्या दिवसांत घरी येतात. जन्माची नोंदणी ४२ दिवसांत करावी लागते, तिला नवरा जाऊ शकेल. आठव्या आठवड्यात लस असते. म्हणजे गाडी रोज लागायला लागते ती साधारण तेव्हापासून. पण आईबाबा जूनमध्ये विमानात बसले की तिसऱ्या दिवशी 'घ्यायला' कोणी नसतं, हे तिला आत्ताच सांगून ठेव.

आता हलकी गाडी आणि तान्हं बाळ. इथेच बहुतेकांची गफलत होते. बाळानं मान धरलेली नसते आणि डोकं अंगाच्या मानानं जड असतं. अर्धवट बसत्या सीटमध्ये ठेवलं की ते खाली घसरतं, हनुवटी छातीला टेकते आणि श्वासाची वाट दबते. म्हणून तान्ह्या बाळाला गाडीत सपाट झोपवायचं. युरोपात आणि ब्रिटनमध्ये गाड्यांसाठी ईएन १८८८ हे मानक आहे. त्यानुसार जन्मापासून चालेल म्हणून विकल्या जाणाऱ्या गाडीची पाठ निदान १५० अंशांपर्यंत उघडली पाहिजे. ही किमान अट झाली. माझ्या मते पहिले काही महिने पूर्ण सपाटच बरं.

हलक्या गाड्यांतल्या कितीतरी सहा महिन्यांपुढच्याच असतात. घडी घालून सगळ्यात छोटी होणारी गाडी म्हणून जीबी पॉकिटचं नाव २०१४ मध्ये गिनेस बुकात गेलं. वजन ४.३ किलो, घडी ३० बाय १८ बाय ३५ सेंटिमीटर, म्हणजे आपल्या जुन्या कडीच्या डब्यापेक्षा थोडी मोठी. बघून कोणीही भाळेल. पण ती बसत्या बाळाची गाडी आहे. जाहिरातीत वजनाचा आकडा ठळक असतो आणि वयाचा बारीक अक्षरात. तू आधी वयाचा वाच.

कारसीट फ्रेमवर अडकवून फिरवायचं, हा दुसरा मोह. कारमधून दुकानापर्यंत ठीक आहे. पण कारसीट म्हणजे झोपायची जागा नव्हे. एका वेळी दोन तासांच्या वर नको, अगदी नव्या बाळाला तर अर्ध्या तासातच बाहेर काढावं.

मग मैत्रिणी सांगतात ती प्रॅम का नको? तुझ्या जिन्यामुळे. मोठ्या गाड्यांचा पूर्ण संच सहज १० ते १३ किलोंचा असतो. त्यात बाळ चार किलो, आणि दुपटी, डायपर, बाटल्या, आईनं दिलेला डिंकाच्या लाडवांचा डबा अशी तीन किलोंची पिशवी. दोन मजले. सिझेरियन झालं तर पहिले सहा आठवडे बाळापेक्षा जड काही उचलू नको, असं इथलेच डॉक्टर सांगतात. म्हणजे तेवढे दिवस गाडी दुसऱ्यानंच उचलायची, मग ती सहा किलोंची असो की बारा.

खाली जिन्याशी ठेवता येईल, असं तुझ्या मनात आलं असेल. माझ्याही आलं होतं. आमच्या इमारतीच्या मॅनेजमेंटची तिसऱ्याच दिवशी चिठ्ठी आली. सामाइक जिना ही आग लागल्यावर बाहेर पडायची वाट, तिथे काही ठेवायचं नाही. रागानं मी ती चिठ्ठी चुरगाळून टाकली होती. आता वाटतं, त्यांचं चुकलं नव्हतं. कार असेल तर फ्रेम डिकीत राहू दे, नाहीतर तळमजल्यावरच्या शेजाऱ्यांशी आत्तापासून गोड बोल.

म्हणून माझं मत असं. फ्रेम एकच घे, हलकी, पण जिच्यावर आधी तान्ह्याचा सपाट बिछाना चढतो आणि सहा महिन्यांनी बसायचं सीट. बेबीझेनची (आता स्टोकेच्या नावानं विकली जाणारी) योयो याच बेताची. दुसऱ्या कंपन्यांच्याही आहेत, मी कोणाची दलाल नाही. योयोचं उदाहरण एवढ्यासाठी, की तिचे आकडे मला पाठ झालेत. सीट लावून जुनी योयो टू साधारण ६.२ किलो, घडी ५२ बाय ४४ बाय १८ सेंटिमीटर. तान्ह्याचा बिछाना वेगळा विकत घ्यावा लागतो, त्यात बाळाचं तोंड आपल्याकडे असतं. हा बिछाना वापरलेला घ्यायला माझी हरकत नाही, कारण तो सहा महिन्यांतच लहान होतो आणि लोकांकडे नव्यासारखा पडून राहतो. एनसीटी या पालकांसाठीच्या संस्थेचे 'निअर्ली न्यू' सेल ठिकठिकाणी भरतात, तिथे बघ. फक्त गादी नवी घे, आणि त्या मॉडेलचा रिकॉल निघालेला नाही ना, म्हणजे दोषामुळे कंपनीनं ते परत मागवलेलं नाही ना, ते सरकारी संकेतस्थळावर तपास. पट्टा पाच टोकांचा हवा, म्हणजे दोन खांदे, दोन कंबर, एक मांड्यांमधून. तीन टोकांच्या पट्ट्यातून आठ महिन्यांचं बाळ कसं सटकतं, ते बघायची वेळ तुझ्यावर न येवो.

जिन्यातली रीत एकच. बाळ आधी गाडीतून काढायचं, मग छातीशी बांधायच्या कॅरियरमध्ये किंवा कोणाच्या तरी हातात. गाडी मिटायची, मग उचलायची. बाळासकट गाडी दोघांनी दोन टोकांना धरून उतरवणं मी केलंय, म्हणून सांगते, करू नको. पुढचा आडवा दांडा बाळाच्या हातांसाठी असतो, उचलायला नाही. काही गाड्यांत तो अशा वेळी निसटून हातात येतो.

ट्यूबचंही जिन्यासारखंच. हॅरो-ऑन-द-हिलला २०२१ पासून लिफ्ट आहे, तुझं नशीब. पण महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीला निघालीस की डॉलिस हिलला पायऱ्या तयार. १९३२ पासूनचं आपलं मंडळ आणि जवळच्या स्टेशनात लिफ्ट नाही! (स्लाव, हेझ, साउथॉलकडच्या वाचकांनी कॉलर ताठ करावी. एलिझाबेथ लाइनच्या सगळ्या स्टेशनांत पायऱ्यांशिवाय फलाटापर्यंत जाता येतं.) सरकत्या जिन्यावर गाडी उघडी न्यायची नाही. बाळ कडेवर, गाडी मिटून हातात. म्हणून घडी एका हातानं पडते की नाही, हे मी वजनापेक्षा वर मानते. दोन्ही हात आणि एक पाय लागणारी चार किलोंची गाडी, एका हातानं मिटणाऱ्या सात किलोंच्या गाडीपुढे निरुपयोगी.

बसमध्येही तेच. मधली मोकळी जागा व्हीलचेअरची आहे. बाबागाडी तिथे उभी राहते ती कोणी व्हीलचेअरवर येईपर्यंत. यावरचा खटला पार सुप्रीम कोर्टापर्यंत गेला. ड्रायव्हरनं एकदा विनंती करून गप्प बसू नये, जागा मोकळी होण्यासाठी आणखी प्रयत्न करावा, असा २०१७ मध्ये निकाल लागला. तेव्हा भर बसमध्ये बाळ उचलून गाडी मिटायची तयारी हवी.

ईलिंग रोडची भाजी मात्र हँडलला लटकवू नको. हलक्या गाडीचं हे मोठं दुखणं आहे. बाळ आत असेपर्यंत तोल राहतो. बाळ उचललं की पिशव्यांच्या भारानं गाडी मागे उलथते. बाळ आत असतानाही पिशवी जड झाली की तेच. खालच्या टोपलीत दोन-चार किलो ठीक. दहा किलोंचा आटा घरपोच मागव.

आता आजोबा. खरं सांगू, पहिले चार महिने तुझी गाडी तेच चालवणार आहेत. आजी स्वयंपाकघर आणि शेकशेगडी सांभाळते, आजोबांना दुसरं काम नसतं. तेव्हा गाडी त्यांच्या उंचीची हवी. छत्रीसारख्या मिटणाऱ्या गाड्यांना दोन वेगळ्या मुठी असतात, त्या एका हातानं सरळ ढकलता येत नाहीत, आणि लंडनमध्ये दुसऱ्या हातात छत्री असतेच. सलग आडवं हँडल घे.

गंमत म्हणजे ही छत्रीसारखी गाडी काढली ती एका आजोबांनीच. ओवेन मॅक्लॅरन हे विमानाचे इंजिनिअर, स्पिटफायरच्या चाकांच्या सांगाड्यावर काम केलेले. परदेशी राहणारी लेक नातवंडासह अवजड गाडी ओढत आली, ते त्यांना बघवेना. विमानाची चाकं पोटात मिटतात, मग ही का मिटू नये? १९६५ मध्ये त्यांनी अ‍ॅल्युमिनियमच्या गाडीचं पेटंट मागितलं. वजन तीन किलोंच्या आत. लेक परदेशी असली की बापाचं डोकं असं चालतं!

ब्रेक आणि बोटं, या दोन गोष्टी मात्र तुझ्या बाबांना नीट शिकव. मिटणाऱ्या बिजागरीत बोटं सापडतात. याच कारणानं २००९ मध्ये अमेरिकेत जवळपास १० लाख गाड्या रिकॉल झाल्या होत्या. गाडी उघडताना-मिटताना बाळ हातभर लांब. आणि हात सोडला की ब्रेक, मग सपाट जागा असली तरी. रेल्वेचे फलाट दिसतात तितके सपाट नसतात. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मेलबर्नच्या अ‍ॅशबर्टन स्टेशनात आईचा हात क्षणभर सुटला, आणि गाडी सहा महिन्यांच्या बाळासकट येणाऱ्या ट्रेनसमोर रुळांवर गेली. बाळ वाचलं, जवळजवळ खरचटण्यावर निभावलं. ऑस्ट्रेलियात ब्रेकची खटकी लाल असावी आणि मनगटात अडकवायला पट्टा असावा, असा नियमच आहे. तुझ्या गाडीला पट्टा नसला तर बाबांना सांग, फलाटावर रुळांना समांतर उभी करायची, ब्रेक लावायचा, आणि तरी एक हात ठेवायचा.

आजीला सांगायचं ते वेगळं, आणि जरा अवघड. ऊन लागतंय, वारा लागतोय, कोणाची दृष्ट लागेल, या तिन्हींवर तिच्याकडे एकच औषध असतं. ओढणी. गाडीवर ती पूर्ण टाकली की आत हवा खेळत नाही आणि भराभर गरम होतं, पातळ मलमलनंसुद्धा. त्यात बाळ दिसत नाही. तिला म्हण, तीट लाव, दोन लाव, पण ओढणी नको. गाडीला चांगली लांब छत्री घे आणि उन्हाकडे पाठ करून चाला. पावसाचं प्लास्टिकही दुकानात किंवा बसमध्ये शिरल्याबरोबर काढायचं.

दिवाळीपर्यंत बाळ नऊ महिन्यांचं, बसतं झालेलं असेल. तेव्हा नवऱ्याची गाडी कामाला येईल. आयटा या विमान कंपन्यांच्या संघटनेचा हातसामानासाठीचा सर्वसाधारण आकार ५६ बाय ४५ बाय २५ सेंटिमीटर. घडी त्यात बसली तर गाडी वरच्या कप्प्यात जाऊ शकते, पण शेवटचा शब्द विमान कंपनीचा. तिकीट काढतानाच विचार. नाहीतर विमानाच्या दारापाशी टॅग लावून देतात. मुंबईला उतरल्यावर ती दारात परत मिळेल यावर विसंबू नको. कधी सामानाच्या पट्ट्यावर येते. तिथल्या टी-टू टर्मिनलमध्ये इमिग्रेशनपर्यंतची चाल लांबलचक आहे, कॅरियर हाताशी ठेव. माझ्या थोरल्याच्या वेळी एका कंपनीनं गाडी तीन चाकांवर परत केली. मी 'जाऊ दे' म्हणून घरी आले. तिथेच चूक झाली. मोडतोड दिसली तर विमानतळातून बाहेर पडायच्या आधी काउंटरवर नोंदवायची, आणि सात दिवसांच्या आत लेखी तक्रार करायची. देताना चारी बाजूंनी फोटो काढून ठेव.

पुण्यात पोचल्यावर मात्र फार अपेक्षा नको. हलक्या गाडीची चाकं पेढ्याएवढी. पेव्हर ब्लॉकच्या पहिल्या फटीत अडकतात आणि फुटपाथ मध्येच संपतो. सोसायटीच्या आवारात आणि मॉलमध्ये चालव. बाकी तिथे आत्या, मावशा, काकवा आहेत, बाळ जमिनीला टेकलं तर शपथ.

न्यू जर्सी-टेक्सासच्या बायका हे वाचून म्हणतील, आम्हाला कुठे जिने! तुम्ही डिकी मोजा, आणि गाडी चाळीस वेळा काढ-घाल करायला कंबर तयार आहे का ते बघा.

आता शनिवारी दुकानात जा. सातवा महिना असेल तर तू फक्त बघ, उचलायचं काम नवऱ्याचं. घरून पाच किलोंची तांदळाची पिशवी घेऊन जा, दुपट्यात गुंडाळून. ती त्याच्या डाव्या कडेवर दे आणि म्हण, आता उजव्या हातानं गाडी मिट, उचल, तिथल्या जिन्यानं वर ने, खाली आण, उघड. विक्रेता बघत राहील, राहू दे. ज्या गाडीशी झटताना तांदूळ खाली पडणार नाहीत, तिची किंमत विचार.