एक्सेल शीटला लावलेला पासवर्ड माहीत नसेल तर संरक्षण कसे काढावे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: पिंपळगाव बसवंत येथील द्राक्षांच्या पॅकहाउसमध्ये तुम्ही हिशेबनीस म्हणून नुकतेच रुजू झाला आहात; आधीच्या हिशेबनिसांनी केलेली शेतकऱ्यांच्या देण्याची एक्सेल फाइल उघडते, आकडेही दिसतात, परंतु दराच्या रकान्यात बदल करू गेल्यास शीट संरक्षित असल्याची सूचना येते, काही रकाने लपवलेले आहेत, आणि ते गृहस्थ आता फोन उचलत नाहीत. नाशिकमध्ये व्यापारी आणि कारखानदार यांचे हिशेब लिहिण्याचे काम मी करतो, आणि हंगाम तोंडावर आला की अशा कुलूपबंद फायली हमखास समोर येतात. तुमच्या बाबतीत उत्तर होकारार्थी आहे, आणि त्याचे कारण तुमच्या प्रश्नातच आहे: फाइल उघडते.

एक्सेलमध्ये पासवर्ड चार निरनिराळ्या ठिकाणी लावता येतो आणि त्या चारींची ताकद सारखी नसते. फाइलवर क्लिक करताच पासवर्ड मागितला जात असेल, तर संपूर्ण मजकूर कूटबद्ध केलेला असतो. फाइल उघडताना ‘रीड ओन्ली’ असा पर्याय दाखवला जात असेल, तर तो केवळ बदल जतन करण्यासाठीचा पासवर्ड होय. खालच्या पट्टीतील शीटची नावे बदलता किंवा काढता येत नसतील, तर वर्कबुकची रचना गोठवलेली असते. आणि कोष्टकातील घरांत लिहिता येत नसेल, तर ते शीटचे संरक्षण, म्हणजे तुमचा प्रकार. यांपैकी खरे कुलूप पहिलेच. शीटचे संरक्षण हे वावराच्या तोंडाशी आडव्या टाकलेल्या बाभळीच्या फांदीसारखे आहे. चुकून कोणी आत शिरू नये एवढाच तिचा उपयोग. मायक्रोसॉफ्टनेही शीटचे संरक्षण ही सुरक्षेची सोय नसल्याचे स्पष्ट म्हटले आहे.

ही फांदी बाजूला करण्याचा मार्ग फाइलच्या घडणीतच आहे. २००७ पासून एक्सेलची फाइल ‘एक्सएलएसएक्स’ या प्रकारात जतन होते, आणि ती वस्तुतः अनेक लहान फायलींची एक झिप असते. सर्वप्रथम मूळ फाइलची प्रत काढा आणि पुढील सर्व काम त्या प्रतीवरच करा. विंडोजच्या फोल्डरमध्ये ‘व्ह्यू’ या यादीतून फाइलच्या नावामागचे शेपूट दिसू द्या, आणि प्रतीच्या नावातील ‘एक्सएलएसएक्स’ पुसून तेथे ‘झिप’ लिहा. ती उघडल्यावर ‘एक्सएल’ नावाच्या फोल्डरमध्ये ‘वर्कशीट्स’ हे फोल्डर दिसेल आणि त्यात ‘शीट१’, ‘शीट२’ अशा नावांच्या एक्सएमएल, म्हणजे साध्या मजकुरासारख्या वाचता येणाऱ्या, फायली असतील. हे क्रमांक पट्टीतील शीटच्या क्रमाशी जुळतीलच असे नाही. म्हणून हवी ती फाइल सापडेपर्यंत एकेक उघडून पाहावी लागते. ती बाहेर डेस्कटॉपवर कॉपी करा, नोटपॅडमध्ये उघडा आणि शोधपट्टीत ‘शीटप्रोटेक्शन’ हा शब्द इंग्रजीत, मध्ये जागा न सोडता लिहा.

जेथे थांबाल तेथे टोकदार कंसात बंद केलेली एक लांबलचक ओळ दिसेल. एक्सेल २०१३ किंवा त्यानंतरच्या आवृत्तीत संरक्षण लावलेले असेल, तर तिच्यात ‘एसएचए-५१२’ हे नाव, अर्थहीन वाटणाऱ्या अक्षरांच्या दोन माळा आणि ‘स्पिनकाउंट’ या शब्दापुढे १,००,००० हा आकडा आढळेल. त्याचा अर्थ असा की मूळ पासवर्ड तेथे लिहिलेला नसून, त्याच्यावर एक लाख वेळा प्रक्रिया करून मिळालेला ठसा तेवढा ठेवलेला आहे. या ठशावरून पासवर्ड शोधत बसणे व्यर्थ होय, आणि तशी गरजही नाही. उघडणाऱ्या कंसापासून तिरक्या रेघेसह बंद होणाऱ्या कंसापर्यंत तेवढाच भाग पुसा. मागचापुढचा एक कंस जरी जास्तीचा गेला तरी फाइलमध्ये दोष असल्याची तक्रार एक्सेल करील. मग फाइल जतन करून झिपमधील जुन्या फाइलवर टाका, बदलण्यास होकार द्या, आणि झिपच्या नावाला पुन्हा ‘एक्सएलएसएक्स’ हे शेपूट लावा. सगळी झिप बाहेर उलगडून बाहेरच्या फोल्डरसकट पुन्हा बांधण्याचा मोह टाळा, कारण त्याने आतील मांडणी एक पायरी खाली सरकते आणि फाइल उघडतच नाही.

वर्कबुकची रचना गोठवलेली असेल, तर हाच प्रयोग ‘एक्सएल’ फोल्डरमधील ‘वर्कबुक’ या एक्सएमएल फाइलवर करावा. तेथील ओळ ‘वर्कबुकप्रोटेक्शन’ या शब्दाने सुरू होते. फाइल जुन्या ‘एक्सएलएस’ प्रकारची असेल तर ती झिप नसते. ती एक्सेलमध्ये उघडून आधी नव्या प्रकारात जतन करावी आणि मग वरीलप्रमाणे पुढे जावे.

अनेकजण तुम्हाला एखादा मॅक्रो, म्हणजे एक्सेलमध्येच चालणारा छोटा प्रोग्राम, चालवण्यास सुचवतील. २०१० पर्यंतच्या आवृत्त्या शीटच्या पासवर्डचा ठसा अवघ्या १६ बिटांचा, म्हणजे मोजक्याच शक्यतांचा, ठेवत असत, त्यामुळे खऱ्या पासवर्डशी काहीही संबंध नसलेला, ए आणि बी यांच्या भाराभर जोडणीतून निघालेला एखादा शब्दही चालून जाई, आणि तो मॅक्रो नेमके हेच करी. एक्सेल २०१३ किंवा त्यानंतरच्या आवृत्तीत लावलेल्या संरक्षणावर त्याचा उपयोग होत नाही. सगळी घरे निवडून नव्या फाइलमध्ये डकवण्याचा सल्लाही मिळेल. साध्या तक्त्यास तो पुरतो, परंतु तुमच्या फाइलमध्ये वजन एका शीटवर, दर दुसऱ्यावर आणि उचल तिसऱ्यावर असेल, तर डकवलेली सूत्रे जुन्या फाइलकडेच बोट दाखवत राहतात.

उघडतानाच पासवर्ड मागणारी फाइल हाती आली, तर मात्र हे सर्व निरुपयोगी आहे. तिचे नाव बदलून झिप केली तरी ती झिप म्हणून उघडत नाही, कारण आतील मजकूर एईएस या भक्कम पद्धतीने कूटबद्ध, म्हणजे किल्लीविना वाचता न येणारा, झालेला असतो. २००३ पर्यंतच्या ‘एक्सएलएस’ फायलींत साधारणपणे ४० बिटांची किल्ली वापरली जाई आणि ती आजच्या संगणकापुढे टिकत नाही. परंतु नव्या फायलींत लांब पासवर्ड असल्यास तो शोधून काढणे व्यवहारात अशक्य असते, आणि विसरलेला पासवर्ड मायक्रोसॉफ्टही परत देऊ शकत नाही. अशा वेळी पासवर्ड देऊ शकणाऱ्या माणसाला गाठणे, बँकेला किंवा सनदी लेखापालांना ईमेलने पाठवलेल्या जुन्या प्रती शोधणे, अथवा काट्याच्या पावत्यांवरून तक्ता नव्याने उभा करणे, हेच उपाय उरतात. पासवर्ड ठाऊक असूनही लागत नसेल, तर कीबोर्ड मराठीवर राहिला आहे काय आणि कॅप्स लॉक सुरू आहे काय, हे आधी पाहावे. निम्म्या तक्रारी तेथेच मिटतात, असा माझा अनुभव आहे.

दोन गोष्टी आग्रहाने सांगतो. फाइल पॅकहाउसची आहे आणि संरक्षण काढण्यास मालकांची संमती आहे, एवढे दोन ओळींत ईमेलवर घ्या. मालकाच्या परवानगीविना संगणकातील माहितीपर्यंत पोहोचणे माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ४३ मध्ये येते, आणि ते अप्रामाणिकपणे केल्यास कलम ६६ नुसार तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. नोकरी सोडून गेलेल्या माणसाशी उद्या वाद झालाच, तर तो ईमेल तुमच्या कामी येईल. दुसरे, फुकटात पासवर्ड काढून देणाऱ्या संकेतस्थळांवर ही फाइल चढवू नका. तीत शेतकऱ्यांची नावे, बँक खात्यांचे क्रमांक आणि बागनिहाय दर असणार, आणि जे काम नोटपॅडमध्ये होते त्यासाठी ही माहिती अनोळखी सर्व्हरवर पाठवणे कोणत्याही दृष्टीने योग्य नाही.

संरक्षण निघाल्यावर लपवलेले रकाने उघडण्यासाठी, डाव्या कोपऱ्यातील त्रिकोणावर क्लिक करून संपूर्ण शीट निवडा, कोणत्याही रकान्याच्या अक्षरावर उजवी कळ दाबा आणि ‘अनहाइड’ निवडा. दराचे सूत्र वरच्या पट्टीत दिसू लागले की प्रथम त्यातील घट वजा करण्याची टक्केवारी मालकांना दाखवून खातरजमा करा. त्यानंतर भरण्याच्या घरांचे ‘लॉक्ड’ हे चिन्ह काढून उरलेल्या शीटला नवे संरक्षण लावा, आणि तो पासवर्ड मालकांच्या हाती लेखी द्या.