मॉडेल रेल्वेच्या एचओ स्केलमधल्या घाटाच्या लेआउटसाठी (रुळांसकट मांडलेल्या छोट्या देखाव्यासाठी) घरी केलेली झाडं टूथपिकवर टोचलेल्या हिरव्या स्पंजसारखी दिसतात. काय चुकतंय?

चूक बहुतेक वेळा पानांत नसते, फांद्यांत असते. दोन-चार फांद्यांवर हिरवा चुरा थापला की गोळाच होणार. भरगच्च आंब्यातूनसुद्धा जागोजागी आभाळ दिसतं.

एचओ म्हणजे १:८७, त्यामुळे १२ मीटरचा आंबा साधारण १४ सेंमीचा करायचा. मोटार रिवायंडिंगच्या दुकानातून २४ गेजची तांब्याची तार आणा आणि २० सेंमीचे ३० तुकडे कापा. जुडीच्या खालच्या ३ सेंमीला घट्ट पीळ द्या, ही रोवायची खुंटी. त्यावर ३-४ सेंमी खोड. मग सात-आठ तारा बाजूला काढून पहिली फांदी पिळा, दीड सेंमीवर तिचे दोन भाग करा, पुढे पुन्हा दोन, टोकाला एकेक तार सुटी. पुढची फांदी थोडी वर आणि दुसऱ्या बाजूला. सगळ्या फांद्या एकाच उंचीवर फुटल्या तर झाड नाही, खराटा होतो. लोखंडी बाइंडिंग तार स्वस्त पडते, पण ओल्या गोंदाने गंजते आणि तांबूस डाग रंगातून वर येतात.

सालीसाठी दोन भाग फेविकॉल, एक भाग खडूची पूड. दोन पातळ हात, मध्ये पूर्ण वाळू द्या. एकच जाड हात दिला तर वाळताना तडकतो. दुसरा हात अर्धवट वाळला की सुईने उभ्या रेघा ओढा. रंग चॉकलेटी नको, राखाडीकडे झुकणारा हवा. नवशिक्याचं झाड इथे लगेच ओळखू येतं.

पानांसाठी गादीचा मऊ फोम ॲक्रिलिक रंग आणि पाण्यासकट मिक्सरमध्ये फिरवा (भांडं जुनं घ्या, ते परत स्वयंपाकात नको), वाळवून चहाच्या गाळणीने चाळा. हिरव्याच्या दोन-तीन छटा करा. उशीतला पॉलिएस्टर कापूस गडद हिरवा रंगवून कोळ्याच्या जाळ्याइतका विरळ ओढा आणि फक्त टोकांवर अडकवा. हेअरस्प्रे मारून आधी गडद चुरा, मग वरच्या बाजूला थोडा फिका. पोटाकडे फिका पडला तर ऊन खालून आल्यासारखं दिसतं. कोवळ्या पालवीसाठी एखाद्या टोकाला चिमूटभर तांबूस चुरा पुरे.

डोंगरउतारावर एवढा खटाटोप फक्त पहिल्या रांगेला. मागे काड्यांवर नुसते शेंडे टोचले तरी चालतात. स्प्रे पेंट वापरणार असाल तर झाड लेआउटबाहेर रंगवा, नाहीतर स्प्रेने डोंगराचा थर्मोकोल विरघळतो. तारेची कापलेली टोकं उघडी असतात, म्हणून खुंटी रुळाखालच्या वायरिंगला टेकली तर शॉर्ट होऊ शकतो. झाड चिकटवण्याआधी गाडीचा सगळ्यात लांब डबा जवळच्या वळणावरून दोन्ही दिशांनी हाताने ढकलून बघा: त्याची टोकं वळणाबाहेर झुकतात, पोट आत येतं.