सातारा-कोयना बाईक फेरीसाठी एक किलोचा तंबू घेऊ का?

तुझा प्रश्न नीट वाचला. डिसेंबरात सांगलीहून १६० सीसीच्या गाडीवर एकट्यानं निघायचं, एक रात्र बामणोलीकडं, एक कोयनानगरला, मग कुंभार्ली घाट उतरून चिपळूण. ट्रेकिंगच्या दोन काठ्यांवर उभा राहणारा एक किलोचा तंबू तुला आवडलाय. सव्वादोन किलोचा साधा घुमटासारखा तंबू निम्म्या पैशात मिळतोय, तरी "सामान हलकं हवं, दादा, घेऊ का?" असं विचारतोयस.

नको घेऊस. तंबू वाईट आहे म्हणून नाही. तो ज्याच्यासाठी बनवलाय तो माणूस सगळं पाठीवर घेऊन चालतो. त्याच्या गुडघ्यांना हा सव्वा किलोचा फरक रोज हजारो पावलं जाणवतो. आपलं ओझं गाडी वाहते. सव्वा किलो म्हणजे टाकीतलं साधारण दीड-पावणेदोन लिटर पेट्रोल. सांगलीहून पेठ नाक्यामार्गे कऱ्हाडच्या आसपास पोचेपर्यंत तुझी गाडी तेवढं वजन जाळून टाकते, आणि तुला ते कळतही नाही. गाडीवर ग्रॅमपेक्षा दोन गोष्टी जास्त बघायच्या. सामान घडी केल्यावर केवढं होतं, आणि ते गाडीवर नेमकं कुठं बसतं.

दुसरं कारण आपल्या जमिनीचं आहे. काठ्यांवरचा तंबू पेग, म्हणजे जमिनीत ठोकलेल्या खुंट्या, ताणून धरतात म्हणून उभा राहतो, त्याला स्वतःचा सांगाडा नसतो. आणि यवतेश्वरपासून वर, चाळकेवाडीकडं, कुठल्याही पठारावर जा, बोटभर मातीखाली जांभा लागतो. पेग ठोकायला दगड उचललास की तीन ठोक्यांत पेग गुडघा मोडल्यासारखा वाकतो. शेजारी ठोकलास तर अर्धा आत जातो आणि ओढ लागली की निघून येतो. त्यात चाळकेवाडीला पवनचक्क्या उगीच उभ्या केलेल्या नाहीत, वारा तिथं रात्रभर थांबत नाही. अशा ठिकाणी आपल्या कमानींवर उभा राहणारा तंबूच कामाचा. त्याच्या कोपऱ्यांना हातभर दोरीचे फास बांधून ठेव आणि पेगऐवजी दगडाला गुंडाळ. दगड उचलताना मात्र आधी काठीनं उलटव. जांभ्याच्या दगडाखाली फुरसं हा विषारी साप बसलेला असू शकतो, मातीच्याच रंगाचा, दिसतही नाही. अंधारात तर नुसता हात कधीच घालू नकोस.

तंबू घेताना कमानी ॲल्युमिनियमच्या बघ आणि घडीची लांबी ४५ सेंटिमीटरच्या आत असू दे, म्हणजे सीटवर आडवा बसतो. फायबरच्या कमानी बऱ्याचदा ६० च्या पुढं जातात, मग टोकं बाहेर येतात आणि गर्दीत कुणाच्या तरी कोपराला लागतात. कापड दोन पदरी पाहिजे, आत जाळी आणि वर वेगळं आच्छादन. आपल्याकडं हिवाळ्यात पाऊस नसतो, पण दव एवढं पडतं की एकपदरी तंबूत पहाटे छताला हात लागला तर बाही भिजते. पावसाळ्यात तंबूचा नाद सोड, गावात कुणाकडं तरी खोली घे.

आता ज्यावर पैसे खर्च करायलाच हवेत ते सांगतो, कारण त्याबद्दल तू एक ओळही विचारलेली नाहीस. अंगाखाली काय घालणार?

माझी पहिली थंडी बामणोलीच्या अलीकडं एका शेतात गेली. जाड हवेची गादी नेली होती, घरी पाहुण्यांना देतो तसली. चांगली स्लीपिंग बॅग होती. रात्री दोनला जाग आली ती पाठ दुखते म्हणून. छाती गरम, पाय गरम, आणि कण्यापासून कमरेपर्यंत ओल्या फरशीवर झोपल्यासारखं गार. जाकीट खाली घातलं, मग रेनकोट, मग सॅडलबॅग रिकामी करून तीही. पहाटेपर्यंत कूस बदलत राहिलो आणि दुसऱ्या दिवशी घाटात डोळे मिटायला लागले. एकटा माणूस, गाडी चालवतोय, तिथं एका रात्रीच्या झोपेचा अर्थ काय होतो ते तूच बघ. त्या संध्याकाळी परत त्याच शेतात आलो, तेव्हा शेतमालकाच्या आईनं दोन पेंढ्या आणून टाकल्या आणि म्हणाल्या, "वरनं किती पांघरलंस तरी खालनं थंडी लागतीयाच की रं." त्या पेंढ्यावर तीच गादी टाकली आणि सकाळी ऊन अंगावर आल्यावर उठलो.

आज्जींनी सांगितलं तेच खरं आहे. स्लीपिंग बॅग ऊब देते ती तिच्या आत अडकलेल्या हवेमुळं. अंगाखाली ती दबते, हवा निघून जाते, उरतं नुसतं कापड. हवेच्या साध्या गादीत हवा असते खरी, पण ती आतल्या आत फिरत राहते आणि अंगाची ऊब जमिनीला नेऊन देते. म्हणून बंद छिद्रांच्या फोमची घडीची मॅट घे. चारशे ग्रॅमच्या आसपास भरते, फुटत नाही, फुगवावी लागत नाही. ट्रेकवाले तिला आकारामुळं नावं ठेवतात, आपण ती सीटमागं आडवी बांधू शकतो. मॅटवर आर-व्हॅल्यू लिहिलेली असते. जितकी जास्त तितकी जमिनीची थंडी कमी येते. आपल्या हिवाळ्याला २ पुरते, ३ असेल तर निवांत.

स्लीपिंग बॅगवर तीन तापमानं असतात: कम्फर्ट, लिमिट आणि एक्स्ट्रीम. दुकानात सगळ्यात मोठ्या आकड्यात बऱ्याचदा शेवटचं छापलेलं असतं. त्यात माणूस झोपत नाही, कसाबसा तग धरतो. तू फक्त कम्फर्ट बघ, ५ अंशांच्या आसपासचा. पिसांच्या बॅगा हलक्या असतात, पण भिजल्या की ऊब जाते. दव आणि धरणाकाठ बघता सिंथेटिकच घे. वजन सव्वा-दीड किलो भरेल, भरू दे. जागाही थोडी वरची निवड. थंड हवा जड, ती उतरून पाण्याकाठी साचते. महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी दवबिंदू गोठल्याच्या बातम्या येतात, त्या बाजारपेठेतून येत नाहीत. काठापासून वीस-तीस फूट उंचीवर गेलास तरी पहाटे फरक कळेल.

बांधणीबद्दल. जड वस्तू, म्हणजे हत्यारं, पाणी, बर्नर, दोन्ही सॅडलबॅगांत सारख्या आणि तळाशी ठेव. तंबू सीटवर, तुझ्या पाठीला टेकेल एवढा पुढं. कॅरिअरवर फक्त मॅट आणि स्लीपिंग बॅग. मागच्या चाकाच्या आसाच्याही मागं वजन गेलं की पुढचं चाक हलकं होतं, आणि यवतेश्वरचा घाट चढताना वळणात हँडल हातात आल्यासारखं वाटत नाही. हुकवाली रबरी दोरी वापरू नकोस. माझी एक बॅग अशाच दोरीतून हळूहळू घसरली आणि सायलेन्सरवर टेकली. वास आला म्हणून थांबलो, तेव्हा तळहाताएवढं भोक पडलं होतं. गाड्यांच्या सीटा शिवणाऱ्या कुशनवाल्याकडं जा आणि इंचभर रुंद, बकलचे चार पट्टे शिवून घे. निघाल्यावर दहा किलोमीटरवर थांबून परत आवळ, सामान बसतं आणि पट्टे सैल होतात. मागच्या टायरमध्ये हवा दोन माणसांच्या आकड्याप्रमाणं भर.

तंबूखाली घालायला महागडं कापड नको. तुमच्याकडं भाजीच्या शेतात मल्चिंग पेपर, म्हणजे वाफ्यावर अंथरायचं पातळ प्लॅस्टिक, असतो, ३० मायक्रॉनचा, चार फूट रुंद. कुणाकडून तरी सात फूट तुकडा माग. ८० ग्रॅमसुद्धा भरत नाही. तंबूच्या तळापेक्षा थोडा लहानच असू दे, बाहेर आला तर दव त्यावरून आत ओघळतं.

बर्नर फक्त चहापुरता घे. जेवण गावात सांग, पिठलं-भाकरी कुठंही मिळते आणि चार ओळखी होतात. तंबूच्या आत बर्नर कधीही पेटवायचा नाही, थंडी कितीही असो. बंद जागेत कार्बन मोनॉक्साइड साचतो, त्याला वास नसतो, आणि झोपेतला माणूस उठत नाही. डिसेंबरात गवत वाळलेलं असतं, म्हणून शेकोटीही नको. एका ठिणगीनं डोंगर जळतो.

कासच्या पठारावर तंबू टाकायचा नाही, तिथली माती आणि त्यातली झाडं पायाखालीही टिकत नाहीत. वासोटा किल्ल्यावरही मुक्कामाचा विचार सोड. तो कोयना अभयारण्यात येतो, सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे. बामणोली-तापोळ्याकडं खाजगी जागा मिळतात किंवा शेतमालकाला विचारून त्याच्या बांधावर राहा. कोयनानगरला सरळ खोली घे.

मॅट आणि बॅग आणलीस की एक रात्र गच्चीत झोपून बघ, उघड्या लादीवर, खाली दुसरं काही न घालता. पाठ गार लागली तर निघायच्या आधीच कळेल. मग सगळं बांधून किराणा दुकानाच्या काट्यावर ठेव. कपडे, पाणी आणि हत्यारं सोडून पाच किलोच्या आसपास भरलं तर तुझं सामान बरोबर आहे. गाडी कुठली ते आणि काट्यावर काय भरलं ते इथं लिही, कॅरिअरवर किती चालेल ते मॅन्युअल बघून सांगतो.